मंडईच्या नाटकाची तलवार

दिवाळी झाली, भाऊबीज झाली, की आपल्या गोंदिया जिल्ह्यात मंडईचे दिवस लागतात. आज या गावची मंडई, उद्या त्या गावची. लेकी माहेरी येतात. पाहुण्यांनी घर भरते. दिवसा दुकाने लागतात, दंडार होते. रात्री नाटक होते. जेवणे आटोपून लोक चटया-घोंगड्या घेऊन निघतात, आणि नाटक सुटते तेव्हा कोंबडा आरवलेला असतो.

भंडारा, गोंदिया, गडचिरोली आणि चंद्रपूरचा पूर्वेकडचा भाग मिळून जो मुलूख होतो, त्याला झाडीपट्टी म्हणतात. झाडीपट्टीचे नाटक आता दूरवर माहीत झाले आहे. या रंगभूमीचे नट परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली. गोंदियाहून बल्लारपूरकडे जाणाऱ्या रेल्वेने निघालो, की अर्जुनी मोरगावच्या पुढे वडसा लागते. वडसा म्हणजे या नाटकांची पेठच. कंपनीशी बोली ठरली, की पडदे, दिवे, पेटी-तबला, नट-नटी सगळे गावात हजर होते.

पण गावची पोरे स्वतः नाटक बसवतात, तेव्हा सामानही त्यांनाच जमवावे लागते. फेटा घरात मिळतो. दाढीला काळी लोकर चालते. मुकुट पुठ्ठ्याचा होतो. अडते ते तलवारीपाशी. शिवजयंतीला शाळेत पोरगा मावळा होतो, तेव्हाही तो घरी येऊन पहिली मागणी करतो ती तलवारीचीच. मग कोणी घरातला जुना विळा देतो, कोणी बांबू तासून देतो, कोणी बाजारातून कडक प्लास्टिकची आणून देतो. या तिन्ही गोष्टी आम्हाला पसंत नाहीत. का, ते पुढे येईलच.

या पाठात आपण फोमबोर्डाची तलवार करू. ती वीस हातांवरून खरी दिसली पाहिजे. आणि अंगाला लागली तर पुठ्ठा लागावा तशी लागली पाहिजे. पहिली गोष्ट सगळ्यांना सुचते. दुसरीकडे कोणी बघत नाही.

खरी तलवार किलोभर वजनाची असते. तिची धार बोथट केली तरी ते किलोभर लोखंड हातातून सुटले, तर समोरच्याचे दात पाडते. काही घरांत आजा-पणजाची तलवार जपून ठेवलेली असते. नाटकवाले ती मागायला येतात. देऊ नका. आपल्या देशात १९५९ सालचा शस्त्र कायदा आहे. त्याच्या नियमांत ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्याचे धारदार हत्यार शस्त्रांच्या यादीत धरले आहे. शेतीची आणि घरकामाची अवजारे त्यातून सोडली आहेत. म्हणजे विळा, कोयता घरात असायला हरकत नाही, पण त्याने शेतकामच करायचे. बांबू हलका खरा. पण तो तुटला, की त्याची सळई होते. कडक प्लास्टिकचेही तसेच. तुटलेल्या कडेला काचेसारखी धार येते.

आता फोमबोर्ड म्हणजे काय? दोन जाड कागदांच्या मधे थर्माकोलच्या जातीचा घट्ट फेस भरलेला असतो. वजनाला अगदी हलका. शाळेच्या सामानाच्या मोठ्या दुकानात तो मिळतो. जाडी बहुधा ५ मिलिमीटर असते, म्हणजे अर्धा सेंटिमीटर. फ्लेक्स छापणाऱ्यांच्या दुकानात दुसरा एक पांढरा पत्रा मिळतो. त्याला सनबोर्ड म्हणतात. तो प्लास्टिकचा असतो आणि कडक असतो. दिसायला दोन्ही सारखे. ओळखायचे कसे? अंगठ्याचे नख जोराने दाबा. खोल खड्डा पडला तर तो फोमबोर्ड. नुसता ओरखडा उठला तर सनबोर्ड. ढालीला सनबोर्ड चालेल. तलवारीला फोमबोर्डच घ्या. तो खड्डा पडतो, हाच त्याचा गुण. अंगावर आपटला, की तो स्वतः चेपतो, माणसाला चेपत नाही. फोमबोर्ड मिळालाच नाही, तर खोक्याचा नळीदार पुठ्ठा घ्या आणि दोनाऐवजी तीन थर लावा. बाकी कृती तीच.

बाकीचे सामान साधे आहे. पांढरा डिंक, म्हणजे फेविकॉलसारखा. जुनी वर्तमानपत्रे. मूठभर मैदा. भांडी घासायचा नवा स्पंज, किंवा जुन्या गादीतला स्वच्छ तुकडा. धोतराच्या नाहीतर लुगड्याच्या चिंध्या. एक कटर. एक फूटपट्टी, लोखंडी असली तर उत्तम. एक वीतभर कामटी. सुतळी. रंग.

आधी माप. तलवार दुसऱ्याच्या लेकराच्या मापाची करू नका. आपल्या लेकराला भिंतीशी ताठ उभे करा. हात खाली सोडून मूठ वळायला सांगा. मुठीपासून जमिनीपर्यंत पट्टीने मोजा. जे माप येईल, त्यातून २ इंच वजा करा. तेवढे पाते लांब. समजा, मुठीपासून जमीन २० इंच आली. २० वजा २, राहिले १८. पाते १८ इंचांचे. अशाने चालताना टोक जमिनीला घासत नाही आणि पायात येत नाही. मुठीसाठी आणखी ५ इंच धरा. एकूण २३ इंच. हे आकडे कागदावर लिहून ठेवा. पट्टीवर एका कडेला इंच असतात, दुसऱ्या कडेला सेंटिमीटर. एकदा इंच धरले, की शेवटपर्यंत इंचच. मधेच बाजू बदलली, की माप चुकते. मोठ्या माणसाच्या तलवारीला पाते २८ इंच पुरे. त्याहून लांब केले तर मंडपातल्या दिव्याच्या माळा तुटतात.

पात्याची रुंदी २ इंच ठेवा. आकार सरळ ठेवा. मराठ्यांच्या सरळ पात्याच्या तलवारीला धोप म्हणत. तेव्हा सरळ पाते काही खोटे नाही, आणि कापायला सोपे. वाकडी तलवार डौलदार दिसते, पण पहिल्या खेपेला तिच्या नादी लागू नये.

फोमबोर्डावर पेन्सिलीने आकार आखा. पाते आणि मूठ एकसंध आखा, मधे जोड नको. पात्याच्या टोकाकडचे शेवटचे २ इंच आताच वजा करा. म्हणजे १८ इंचांचे पाते हवे असेल, तर बोर्ड १६ इंचांचाच आखा. उरलेले २ इंच स्पंजाचे होणार आहेत. असे एकसारखे दोन तुकडे लागतात.

कापणे हे मोठ्या माणसाचे काम. कटर लेकराच्या हातात देऊ नका. खाली जुना पाट किंवा जाड पुठ्ठा ठेवा. पट्टी घट्ट दाबून धरा. पट्टी धरलेल्या हाताची बोटे कटरच्या वाटेत नकोत. एका झटक्यात कापायला जाऊ नका. तीन वेळा हलक्या हाताने ओढा. पहिल्या ओढीत वरचा कागद कापला जातो. दुसरीत मधला फेस. तिसरीत खालचा कागद. पाते बोथट असेल तर फेस कापत नाही, फाटतो, आणि कड उंदराने कुरतडल्यासारखी दिसते. कटरच्या पात्यावर आडव्या रेघा असतात. तेथून बोथट तुकडा पकडीने मोडून टाकता येतो. तो मोडलेला तुकडा अंगणात फेकू नका. अनवाणी पाय आपलेच असतात. जुन्या डबीत टाका आणि झाकण लावा.

आता कामटी. फोमबोर्ड मुठीपाशी वाकतो, म्हणून तिथे आधार लागतो. लेकराच्या तलवारीत कामटी मुठीच्या बुडापासून पात्यात ४ इंचांपर्यंतच न्यावी. त्याच्या वर नुसता फोमबोर्ड. जोराने मारले तर पाते वाकेल, मोडेल. मोडू द्या. तलवार दुसरी होते.

मोठ्यांच्या तलवारीत कामटी लांब लागते, पण तीही टोकाच्या ४ इंच अलीकडेच थांबवावी. कामटी तासून गुळगुळीत करा. तिची दोन्ही टोके गोल करा. मग तिच्यावर चिंधीची पट्टी डिंकाने गुंडाळा. ही पट्टी कशाला? तर कामटी आत मोडलीच, तर तिच्या शिळका चिंधीतच अडकून राहतात, बाहेर येत नाहीत. घाईत हे काम सोडून देतात. सोडू नये.

चमच्याच्या दांड्याने दोन्ही तुकड्यांच्या आतल्या बाजूला दाबून खोबण करा. खोबणीत कामटी बसवा. दोन्ही तुकड्यांना आतून पांढरा डिंक पातळ लावा, कडेपर्यंत लावा, आणि एकावर एक चिकटवा. इथे एक सावधगिरी हवी. सायकलच्या पंक्चरचे सोल्यूशन, फेविक्विक, पेट्रोल, थिनर यांतले काहीही फोमबोर्डाला लावू नका. आतला फेस त्याने लोण्यासारखा विरघळतो. हवेच्या दाबाचा डब्यातला फवारा-रंगही तेच करतो. खात्री करायची असेल तर उरलेल्या तुकड्यावर एक थेंब टाकून बघा.

चिकटवलेले पाते सपाट जमिनीवर ठेवा. वर फळी ठेवा. फळीवर धानाचे अर्धे पोते ठेवा. रात्रभर हलवू नका. पोते असमान ठेवले, तर पाते जन्मभर वाकडे राहते.

सकाळी खळ करा. दोन चमचे मैदा थोड्या थंड पाण्यात कालवा. गुठळी राहू देऊ नका. मग त्यात एक पेला पाणी घालून मंद आचेवर ढवळत राहा. पांढरा रंग जाऊन काचेसारखी झाक आली, की उतरवा. मैदा नसेल तर तांदळाच्या पिठाची होते. आपल्याकडे तांदळाला काय तोटा! चिंचोके भिजवून, वाटून, शिजवून केलेली खळ तर याहून चिवट. जुने लोक कीड लागू नये म्हणून खळीत मोरचूद घालत. मोरचूद विषारी आहे. लेकराच्या खेळण्यात तो नको. खळ लागेल तेवढीच करा. दोन दिवसांनी तिला वास येतो.

खळीने तलवारीवर कागद चढवायचा. वर्तमानपत्राच्या पट्ट्या कात्रीने कापू नका, हाताने फाडा. कापलेल्या कागदाची कड रंगातून वर उठून दिसते. फाटलेली कड पातळ असते, ती बसून जाते. वर्तमानपत्र उभे फाडले, की सरळ फाटते. आडवे फाडले, की वेडेवाकडे फाटते. एकदा करून बघा.

कागद लावायला दोन्ही बाजूंनी एकदमच सुरुवात करा. हे महत्त्वाचे. ओला कागद वाळताना आकसतो. एका बाजूला लावून तलवार तशीच ठेवली, तर ती धनुष्यासारखी वाकते. दोन्ही बाजूंनी सारखी ओढ बसली, की सरळ राहते. कडेवर पट्टी अशी वळवा, की अर्धी या बाजूला आणि अर्धी त्या बाजूला येईल. दोन तुकड्यांचा सांधा झाकला गेला पाहिजे. एक थर वाळला, की दुसरा. उन्हात ठेवू नका, सावलीत दोरीला टांगा. थंडीच्या दिवसांत एक थर वाळायला पुरा दिवस लागतो. मंडई उद्यावर आली आणि आज खळ शिजवली, असे करू नका.

कडेला धार काढायचा मोह होतो. बोर्ड तिरपा तासला, की खरी तलवार वाटते. पण तीच कड गालावर बसली, तर चिरते. धार रंगाने दाखवायची, हाताला लागू द्यायची नाही. कड तर्जनीने या टोकापासून त्या टोकापर्यंत चाचपा. कुठे टोचले, कुठे खरखरले, तर तिथे आणखी एक पट्टी लावा.

मग टोक. या तलवारीतले सगळ्यांत मोलाचे २ इंच हेच. स्पंजाचा तुकडा पात्याएवढाच रुंद कापा. त्याचा पुढचा भाग जिभेसारखा गोल करा. निमुळता नको. माणसाच्या डोळ्याची खोबण दीड इंचाच्या आसपास असते. टोक २ इंच रुंद आणि गोल असले, तर ते कपाळाच्या आणि गालाच्या हाडाला अडते, आत शिरत नाही. निमुळते टोक सरळ आत जाते. स्पंज पात्याच्या शेवटाला डिंकाने जोडा. वाळल्यावर त्याच्यावर धोतराची चिंधी मोज्यासारखी चढवा आणि ती पात्यावर ४ इंचांपर्यंत डिंकाने चिकटवा. नुसता स्पंज चिकटवला तर दुसऱ्याच दिवशी गळून पडतो. चिंधी त्याला धरून ठेवते. पुरे वाळल्यावर टोक स्वतःच्या तळहातावर दाबून बघा. मग गालावर दाबून बघा. आपल्या गालाला जे चालते, तेच लेकराला द्यायचे.

मुठीचे काम झटपट होते. फोमबोर्डाची ५ इंच लांब आणि दीड इंच रुंद आडवी पट्टी कापा. तिच्या मधोमध पाते जाईल एवढी चीर पाडा. मुठीकडून वर सरकवा आणि डिंक लावा. हिच्यामुळे समोरच्याची तलवार घसरत येऊन बोटांवर बसत नाही. तिचे कोपरे गोल करा. मुठीवर चिंधी गुंडाळा, वर सुतळी गच्च गुंडाळा. घामाने हात घसरत नाही.

आता रंग. जुन्या काळी नाटकाच्या तलवारीला बेगड लावत. बेगड म्हणजे चकचकीत पातळ वर्ख. त्यावरूनच बेगडी हा शब्द आला. जे वरून चमकते आणि आतून खोटे असते, ते बेगडी. आपली तलवार त्या अर्थाने बेगडीच, आणि तिने तसेच असावे! रुपेरी कागद मिळाला तर खळीने लावा. नाहीतर पाण्यात कालवायचे पोस्टर रंग घ्या. पांढऱ्यात थोडा काळा मिसळला, की राखी होतो. सगळ्या पात्याला राखी द्या. दोन्ही कडांना बोटभर रुंद पांढरा पट्टा ओढा. मधोमध काळी रेघ ओढा. लांबून ती पन्हळ वाटते आणि कडेला धार वाटते. टोकाच्या चिंधीलाही तोच रंग द्या, पण पातळ. जाड रंगाने चिंधी वाळून कडक होते आणि स्पंज लावल्याचा उपयोग जातो.

घराच्या दाराला लावलेला जुना तेलरंग कोठीत पडलेला असतो. तो संपवायला तलवारीवर लावू नका. त्यात थिनर असतो, हे एक. दुसरे असे, की जुन्या तेलरंगात शिसे असू शकते. शिसे पोटात गेले, की लहान लेकराच्या मेंदूला इजा होते. लेकरू खेळणे तोंडात घालतेच. सरकारने २०१६ साली नियम केला, की घरगुती रंगाच्या दहा लाख भागांत शिसे ९० भागांहून जास्त नसावे. तुमचा डबा त्याच्या आधीचा असला, तर त्याला हा नियम लागलेला नाही.

दुकानातल्या खेळण्यांसाठीही नियम झाला आहे. १ जानेवारी २०२१ पासून बाजारात विकायच्या खेळण्यावर आयएसआयची खूण सक्तीची आहे. तुम्ही आता वाचू शकता. खेळणे विकत घेताना ती खूण शोधा. घरी केलेल्या खेळण्यावर अशी खूण नसते. म्हणून त्याची तपासणी घरातल्या मोठ्या माणसानेच करायची.

ढालीचे दोन शब्दांत सांगतो. खिळ्याला दोरी बांधा. दोरीच्या दुसऱ्या टोकाला पेन्सिल बांधा. मधले अंतर ७ इंच ठेवा आणि दोरी ताणून पेन्सिल फिरवा. १४ इंचांचे वर्तुळ होते. ते कापून मागे कापडाचे दोन पट्टे लावा. जुनी फुटकी टोपली उलटी करून तिच्यावर कागद चढवला, तर याहून सुरेख ढाल होते. टोपलीला ढालीचा फुगा आयताच असतो.

नाटकात बंदूक लागते, आणि पोरे फोमबोर्डाची बंदूकही मागतात. आम्ही सांगू, की करू नका. आपल्या जिल्ह्यात सालेकसा, देवरी, अर्जुनी मोरगाव या भागांनी नक्षलवाद्यांची आणि पोलिसांच्या चकमकींची बरीच वर्षे काढली आहेत. रात्री रस्त्यावर कोणाच्या खांद्यावर बंदुकीचा आकार दिसला, तर समोरचा माणूस ती पुठ्ठ्याची आहे का, हे विचारायला थांबत नाही. पोलिसाच्या वेषातल्या नटाला बंदूक हवीच असेल, तर तिच्या तोंडाला भडक केशरी रंग द्या, नाटकाच्या पेटीत कुलूप लावून ठेवा आणि मंडपाबाहेर नेऊ नका. लेकरांना खेळायला ती मुळीच नको.

तलवार झाली, आता खेळण्याची रीत ठरवा. वार खांद्याच्या खालीच करायचा. आडवा करायचा. भोसकायचे नाही, स्पंजाचे टोक असले तरी नाही. अफजलखानाच्या वधाचा प्रवेश गावोगाव आवडीने होतो. हा प्रसंग १० नोव्हेंबर १६५९ रोजी प्रतापगडाच्या पायथ्याशी घडला. त्या प्रवेशात वाघनखे लागतात. लंडनच्या संग्रहालयातली वाघनखे जुलै २०२४ मध्ये साताऱ्याला आली, तेव्हापासून पोरांना त्यांचे वेड फार. पण बोटांत लोखंडी खिळे बांधून कोणी रंगमंचावर येऊ नये. खानाचा वेष घेतलेला माणूस आपल्याच गावचा असतो. स्पंजाचे चार तुकडे राखी रंगवून एका कापडी पट्ट्यावर शिवले, की मागच्या रांगेतून ती वाघनखेच दिसतात. तालमीत वार मोजून बसवावे. एकाने कोणत्या आकड्याला मारायचे, दुसऱ्याने कोणत्या आकड्याला मागे सरायचे, हे ठरलेले असले म्हणजे रात्री तीन वाजता झोपेच्या डोळ्यांनीही घोटाळा होत नाही.

इतके करूनही कोणाच्या डोळ्याला लागलेच, तर काय करावे? हा भाग घरातल्या सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवा. डोळा चोळू देऊ नका. दाबू नका. डोळ्यात तूप, मध, आईचे दूध, पानांचा रस, काही काही घालू नका. आपल्या आयाबाया हे मायेने करतात, पण त्याने जखम चिघळते आणि डोळा जातो. डोळ्यात काही रुतले असेल, तर ते उपटू नका. एक स्वच्छ कागदी पेला किंवा छोटी वाटी डोळ्यावर अशी पालथी ठेवा, की तिची कड हाडावर टेकेल आणि डोळ्याला काही लागणार नाही. ती कापडाने हलकी बांधा. आणि तसेच दवाखान्यात न्या. सकाळची वाट बघू नका. बाहेरून डोळा लाल दिसत नाही, पण अंधुक दिसते असे लेकरू म्हणाले, तरीही न्या. डोळ्याच्या आतली इजा वरून दिसत नाही.

काम झाल्यावर फोमबोर्डाचे तुकडे उरतात. बाई, ते चुलीत घालू नका. पेट घेतात खरे, पण काळा धूर निघतो आणि तो छातीला वाईट. सनबोर्डाचा धूर तर त्याहून जहरी. हेच तुकडे उकिरड्यात टाकले, तर कुजत नाहीत. खत बांधीत गेले, की त्यांचे दाणे धानाच्या मुळाशी वर्षानुवर्षे तसेच राहतात. याच कारणाने महाराष्ट्र शासनाने २०१८ साली थर्माकोलच्या ताट-वाट्यांवर आणि सजावटीच्या सामानावर बंदी घातली. म्हणून नवा बोर्ड लागेल तेवढाच आणा. मोठे तुकडे पुढच्या खेळण्याला ठेवा. बारीक तुकडे एका पिशवीत भरा आणि कचरागाडी येत असेल तर गाडीत द्या.

तलवार ओल्या कोठीत ठेवू नका. खळीला वाळवी आणि झुरळे लागतात. धूर लागणार नाही अशा जागी खुंटीला टांगा. तनशीच्या ढिगात खुपसून ठेवली, तर उंदीर खळीच्या वासाने कागद खातात. पुढच्या वर्षी मंडईच्या आधी खाली काढा, टोक पुन्हा तळहातावर दाबून बघा, कड चाचपा. स्पंज कडक झाला असेल तर टोक नवे करा.

सराव

तीन माणसांच्या मुठीपासून जमिनीपर्यंतचे माप घ्या आणि वहीत लिहा. प्रत्येकाचे पाते किती इंचांचे होईल? त्यात बोर्ड किती इंच आणि स्पंज किती इंच, हे वेगळे लिहा. खळ, कामटी, बेगड, मोरचूद हे चार शब्द न बघता लिहा. घरातल्या रंगाच्या डब्यावर कोणते साल छापले आहे, ते वाचून त्याच पानावर लिहून ठेवा.